जुन्या गेमच्या स्वागताचा इतिहास कसा लिहावा : 'अर्थबाउंड'च्या उदाहरणाने

एखादा जुना द्विमितीय व्हिडिओ गेम थोर आहे असे सर्वत्र म्हटले जाते, तेव्हा ते आजचे मत असते. तोच गेम बाजारात आला त्या महिन्यात त्याच्याविषयी काय छापून आले, तो किती खपला, कोणी उचलून धरला, कोणी बाजूला सारला, मधल्या काळात तो कोणाच्या स्मरणात राहिला आणि पुढे कोणत्या कारणाने त्याची पत वाढली, हे पुराव्यानिशी मांडणे म्हणजे त्या गेमच्या स्वागताचा इतिहास लिहिणे होय. नाटक-कादंबऱ्यांच्या बाबतीत अशा अभ्यासाची आपल्याला सवय आहे. गेमच्या बाबतीत तो करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आणि हौशी अभ्यासकांसाठी हे मार्गदर्शन लिहिले आहे.

सबंध लेखात एकच उदाहरण घेतले आहे, ते सुपर निन्टेन्डो या कन्सोलवरील (टीव्हीला जोडून खेळायच्या यंत्रावरील) 'अर्थबाउंड'चे. जपानमध्ये हा गेम गाजला, अमेरिकेत पडला, युरोपात त्या वेळी आलाच नाही, आणि आज तिन्ही ठिकाणी त्याचे नाव आदराने घेतले जाते. एकाच गेमला इतकी निरनिराळी स्वागते लाभली असल्यामुळे अभ्यासाची प्रत्येक पायरी त्याच्यावर करून दाखवता येते. 'तेव्हा लोकांना कळले नाही, आता कळले' हे वाक्य मात्र या अभ्यासात कधीही गृहीत धरू नये, असे माझे ठाम मत आहे. प्रत्येक मतामागे, ते देणाऱ्याच्या हातात नेमके काय होते, त्याच्या समोर दुसरे काय होते आणि त्यासाठी त्याने किती पैसे मोजले होते, हे आधी शोधावे. कोण बरोबर होते हा प्रश्न त्यानंतरचा.

कोणती आवृत्ती, कोणता देश

पहिले काम कंटाळवाणे आहे, पण ते टाळले तर पुढचे सगळे डळमळते. गेमच्या प्रत्येक आवृत्तीची तारीख, देश, कन्सोल आणि त्या आवृत्तीत झालेले बदल यांचा एक तक्ता करावा. आपल्या उदाहरणात तो असा सुरू होतो : २७ ऑगस्ट १९९४ रोजी जपानमध्ये 'मदर २' या नावाने सुपर फॅमिकॉमवर (सुपर निन्टेन्डोचे हे जपानी नाव), ५ जून १९९५ रोजी अमेरिकेत 'अर्थबाउंड' या नावाने सुपर निन्टेन्डोवर, २००३ मध्ये जपानमध्ये हातात धरून खेळायच्या गेम बॉय अॅडव्हान्सवर, याच मालिकेतल्या पहिल्या 'मदर'सह एकाच कार्ट्रिजमध्ये, २०१३ मध्ये वी यू या कन्सोलवर, आधी जपानमध्ये आणि नंतर जुलैत अमेरिका व युरोपात, २०१६ मध्ये न्यू थ्रीडीएसवर, २०१७ मध्ये सुपर निन्टेन्डोच्या छोटेखानी संचात, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये स्विचच्या वर्गणीदारांसाठी.

एवढा तक्ता समोर ठेवला तरी एक प्रचलित समजूत लगेच गळून पडते. इंग्रजी लेखनात या गेमविषयी 'अठरा वर्षे दुर्मीळ झालेला' असे सर्रास म्हटले जाते. ते अमेरिकेपुरते खरे आहे. जपानी खेळाडूला २००३ मध्ये तो पुन्हा दुकानात मिळत होता, तर युरोपातल्या खेळाडूला २०१३ पूर्वी तो अधिकृतपणे कधीच मिळाला नव्हता. म्हणजे एकाच गेमचे निदान तीन इतिहास आहेत, आणि लिहिणाऱ्याने आपण त्यांतला कोणता सांगत आहोत हे पहिल्या पानावरच स्पष्ट केले पाहिजे.

तक्त्यातला 'बदल' हा रकाना रिकामा ठेवू नये. जपानी आवृत्ती अमेरिकेत नेताना निन्टेन्डोच्या तिथल्या नियमांनुसार दारूचे गुत्ते कॉफीची दुकाने झाले आणि रुग्णालयांवरचे क्रॉस काढून टाकण्यात आले. संवादांचे इंग्रजी रूपांतर मुख्यतः मार्कस लिंडब्लॉम यांनी केले आणि मूळ विनोद जिथे पोचणार नाहीत तिथे नवे घातले. २०१३ च्या आवृत्तीत लढाईत पडद्यावर होणारी प्रकाशाची प्रखर उघडझाप मंद केलेली आहे. त्यामुळे जपानी परीक्षणातले वाक्य आणि अमेरिकी परीक्षणातले वाक्य शेजारी ठेवताना, ती दोन्ही तंतोतंत एकाच कृतीविषयी नाहीत याची नोंद करावी.

गेम स्वतः खेळावा, तोही वही घेऊन

दुसऱ्यांची मते वाचण्याआधी गेम पूर्ण खेळावा. चित्रफिती पाहून हे काम भागत नाही. खेळताना दोन गोष्टी वेगवेगळ्या लिहाव्यात : पडद्याच्या छायाचित्रावरून जे दिसले असते ते, आणि हातात कंट्रोलर घेतल्याशिवाय जे कधीच कळले नसते ते. 'अर्थबाउंड'च्या बाबतीत या दोन याद्यांमधले अंतर इतके मोठे आहे की त्याच्या स्वागताचे निम्मे कोडे तिथेच सुटते.

छायाचित्रात दिसते ते असे : टोपी घातलेला, हातात बेसबॉलची बॅट घेतलेला नेस नावाचा एक मुलगा, सपाट रंगांची घरे, रस्ते, हॉटेल, दुकान. तलवारी नाहीत, किल्ले नाहीत, ड्रॅगन नाहीत. त्या काळच्या भूमिका-खेळांची (एखाद्या पात्राची भूमिका घेऊन लांबलचक कथा खेळायच्या गेमची) सवय असलेल्या डोळ्याला हे लहान मुलांचे काहीतरी वाटणे स्वाभाविक होते.

खेळताना मात्र वेगळेच हाती लागते. लढाईत नेसच्या प्राणशक्तीचे आकडे स्कूटरच्या किलोमीटरच्या आकड्यांसारखे एकेक करून फिरत खाली येतात. समजा नेसजवळ १५० गुण उरले आहेत आणि शत्रूने २०० गुणांचा घाव घातला, तर दुसऱ्या कोणत्याही गेममध्ये तो तिथेच कोसळला असता. इथे आकडे फिरू लागतात, आणि ते शून्यावर पोचण्याआधी बटणे भराभर दाबून आपण औषध दिले किंवा शत्रूला संपवले तर नेस वाचतो. आळीपाळीने चाललेल्या शांत लढाईत यामुळे अचानक धडधड वाढते. गेम जतन करायचा तर फोनवरून वडिलांना सांगायचे. ते कधी पडद्यावर दिसत नाहीत, पण बराच वेळ खेळत राहिले की तेच फोन करून आता थोडी विश्रांती घे असे सुचवतात. आईला बरेच दिवस फोन केला नाही तर नेसला घरची आठवण येते आणि लढाईत त्याचे हात चालत नाहीत. अखेरच्या लढाईत शस्त्रे उपयोगी पडत नाहीत, प्रार्थना करावी लागते, आणि वाटेत भेटलेली माणसे एकेक करून त्या प्रार्थनेत सामील होतात. सर्वांत शेवटी तीत खुद्द खेळणाऱ्याचे नाव येते, जे गेमने पुष्कळ आधी सहज विचारून ठेवलेले असते.

यातले काहीही स्थिर चित्रात दिसत नाही, आणि बरेचसे पंचवीस-तीस तास खेळल्यावरच दिसते. मासिकाच्या मुदतीत लिहिणाऱ्या समीक्षकाला तिथवर पोचायला वेळ मिळालाच असेल असे धरून चालू नये. एखादे जुने परीक्षण वाचताना त्यातले दाखले गेमच्या कोणत्या भागातले आहेत हे शोधावे. सगळे दाखले पहिल्या दोन गावांतले असतील, तर त्या परीक्षणाचा आवाकाही तेवढाच समजावा. समीक्षकावर आळशीपणाचा ठपका ठेवायची मात्र गरज नाही; त्याचे काम त्या महिन्याच्या खरेदीदाराला सल्ला देण्याचे होते आणि ते त्याने आपल्या परीने केले.

त्या काळची मासिके : पान वाचू नये, अंक वाचावा

१९९० च्या दशकात अमेरिकेत गेमविषयीचे मत घडवण्याचे मुख्य साधन छापील मासिके हेच होते. 'निन्टेन्डो पॉवर', 'इलेक्ट्रॉनिक गेमिंग मंथली', 'गेमप्रो' अशा मासिकांचे अनेक जुने अंक आज इंटरनेट आर्काइव्हसारख्या संग्रहांत पाहायला मिळतात. जपानसाठी 'फॅमित्सू' हे साप्ताहिक पाहावे. अंक मिळाला की फक्त आपल्या गेमचे परीक्षण कापून घेण्याचा मोह आवरावा. मुखपृष्ठावर कोण आहे, आपल्या गेमला किती जागा दिली आहे, शेजारच्या पानावर कोणाची जाहिरात आहे, वाचकांच्या पत्रांत कशाची चर्चा आहे, हे सर्व टिपावे. दोन सावधगिरी बाळगाव्यात : अंकावरचा महिना आणि मजकूर लिहिला गेला तो महिना एक नसतो, लेखन बरेच आधी झालेले असते, आणि 'निन्टेन्डो पॉवर' हे खुद्द कंपनीचेच मासिक असल्याने त्यातली स्तुती स्वतंत्र मत म्हणून मोजता येत नाही.

गुणांच्या आकड्यांवर विसंबू नये. दहापैकी आठ म्हणजे त्या मासिकात उत्तम की सर्वसाधारण, हे त्याच अंकातल्या इतर गेमना मिळालेले गुण पाहिल्याशिवाय ठरत नाही. त्यापेक्षा समीक्षकाने कोणत्या गोष्टीला दोष दिला आणि कोणत्या गोष्टीला दाद दिली, याची यादी करावी. 'अर्थबाउंड'च्या बाबतीत अमेरिकी समीक्षकांचा मुख्य आक्षेप चित्रांच्या साधेपणावर होता, आणि दाद बहुधा विनोदाला व वेगळेपणाला मिळाली. आज त्याच साध्या चित्रशैलीची मुद्दाम तारीफ केली जाते. आक्षेपाचा आणि कौतुकाचा विषय एकच निघणे ही या अभ्यासातली सर्वांत फलदायी जागा असते. तिथे थांबून कारण शोधावे.

कारण शोधण्यासाठी त्या वेळी दुकानात दुसरे काय होते याचे कॅलेंडर तयार करावे. नोव्हेंबर १९९४ मध्ये 'डाँकी काँग कंट्री' आला होता. तोही द्विमितीयच, पण त्यातली पात्रे महागड्या संगणकांवर त्रिमितीय घडवून मग सपाट केलेली असल्यामुळे लोकांचे डोळे दिपले होते. त्याच्या आदल्याच महिन्यात 'फायनल फॅन्टसी' मालिकेतला सहावा भाग, अमेरिकेत 'तिसरा' या क्रमांकाने, आला होता आणि भूमिका-खेळ किती भव्य दिसू शकतो हे त्याने दाखवले होते. मे १९९५ मध्ये सेगाने सॅटर्न हा नवा कन्सोल अमेरिकेत अचानक विक्रीला आणला. जूनमध्ये 'अर्थबाउंड' आला. ऑगस्टमध्ये 'क्रोनो ट्रिगर' आणि सप्टेंबरमध्ये प्लेस्टेशन. हे कॅलेंडर समोर असले म्हणजे १९९५ च्या उन्हाळ्यातल्या समीक्षकाला नेसची सपाट घरे जुनाट का वाटली हे समजते. सगळा उद्योग त्रिमितीच्या दिशेने धावत असताना हा गेम मुद्दाम मुलाच्या चित्रवहीसारखा दिसत होता. पंधरा-वीस वर्षांनी त्या काळातले सुरुवातीचे त्रिमितीय गेम ओबडधोबड दिसू लागले आणि सपाट रंगांची ती घरे तशीच टवटवीत राहिली, तेव्हा तुलनेचा मापदंडच बदलला होता.

जाहिरात हाही पुराव्याचाच भाग

गेमविषयीचे पहिले मत अनेकदा गेम हातात येण्याआधीच तयार होते, म्हणून जाहिराती वेगळ्या जमवाव्यात. जपानमध्ये 'मदर २' ओळखीच्या नावावर आला. त्याचे कर्ते शिगेसातो इतोई हे तिथले नामांकित जाहिरात-लेखक. १९८९ चा पहिला 'मदर' लोकांना माहीत होता. अमेरिकेत यातले काहीच नव्हते. पहिला भाग तिथे आलाच नव्हता आणि इतोई कोण हे कोणाला ठाऊक नव्हते. निन्टेन्डोने तिथे जी मोहीम आखली तिचे सूत्र 'या गेमला घाण वास येतो' असे होते, आणि मासिकांत खरवडून वास घेण्याच्या पट्ट्या छापल्या होत्या. गेममध्ये ओकारी किंवा घाणीचा ढीग यांसारखे काही विचित्र शत्रू आहेत खरे, पण घरची ओढ आणि धीर हा ज्याचा गाभा आहे अशा गेमची ही ओळख फार चुकीची होती, असे मला वाटते. ज्याला वासाचे विनोद हवे होते त्याला तीस तासांचा भूमिका-खेळ नको होता, आणि ज्याला भूमिका-खेळ हवा होता तो जाहिरात पाहूनच लांब राहिला असण्याची शक्यता आहे.

खोक्याकडेही लक्ष द्यावे. अमेरिकेत हा गेम नेहमीपेक्षा मोठ्या खोक्यात, सचित्र मार्गदर्शक पुस्तिकेसह विकला गेला. दुकानाच्या फळीवर त्याने जास्त जागा अडवली. पुढे हेच खोके आणि हीच पुस्तिका शाबूत असलेल्या प्रतींना संग्राहक शेकडो डॉलर मोजू लागले.

आकडे वापरताना

विक्रीचे आकडे हवेतच, पण प्रत्येक आकडा कोणी, केव्हा, कोणत्या मुदतीसाठी सांगितला हे न लिहिता तो वापरू नये. 'अर्थबाउंड'साठी नेहमी दिले जाणारे आकडे म्हणजे जपानमध्ये ५ लाखांहून थोड्या अधिक प्रती, अमेरिकेत साधारण १ लाख ४० हजार, आणि अमेरिकेतल्या प्रसिद्धीवर सुमारे २० लाख डॉलर. हे आकडे एकमेकांवरून उतरवले गेलेले असतात. दहा ठिकाणी आढळले म्हणून दहा पुरावे होत नाहीत. मूळ कथन सापडेपर्यंत वाक्यात 'सांगितले जाते' हा शब्दप्रयोग ठेवावा. शिवाय आकड्याचा अर्थ अपेक्षेवर अवलंबून असतो. लहानशा कंपनीला १ लाख ४० हजार प्रती म्हणजे यश ठरले असते. निन्टेन्डोला, एवढ्या प्रसिद्धीनंतर, ते अपयश वाटले. 'गेम पडला' असे लिहायचे तर कोणाच्या हिशेबाने पडला, हेही त्याच वाक्यात यायला हवे.

मधली वर्षे : इथे सर्वाधिक वेळ द्यावा

बहुतेक लेखक प्रकाशनाच्या वर्षावरून उडी मारून थेट पुनःप्रकाशनाच्या वर्षावर येतात. गेमची पत प्रत्यक्षात मधल्या काळात घडते, आणि ती घडवणारी माणसे समीक्षक नसतात. हा काळ लिहिणे कठीण आहे, कारण पुरावा विखुरलेला असतो. पण 'अर्थबाउंड'चा खरा इतिहास इथेच आहे.

१९९९ मध्ये 'सुपर स्मॅश ब्रदर्स' या मारामारीच्या गेममध्ये नेस हे एक पात्र म्हणून आले. मारिओ आणि पिकाचू यांच्या शेजारी हा टोपीवाला मुलगा कोण, असा प्रश्न लाखो मुलांना पडला. युरोपातल्या मुलांच्या बाबतीत तर मूळ गेम तिथे नव्हताच, म्हणजे पात्राची ओळख आधी आणि गेमची नंतर झाली. प्रत्येक गेमच्या इतिहासात अशी एखादी आडवाट असते. ती शोधण्यासाठी आपल्या गेममधले पात्र, संगीत किंवा एखादे वाक्य इतर कुठे वापरले गेले याचा माग काढावा.

याच सुमारास सुपर निन्टेन्डोचे एम्युलेटर, म्हणजे त्या कन्सोलची नक्कल करून त्याचे गेम चालवणारे प्रोग्रॅम, साध्या संगणकांवर चालू लागले होते. कार्ट्रिज दुर्मीळ असले तरी गेम पसरू लागला. या मार्गाने झालेल्या प्रसाराचा आकडा कोठेच मिळणार नाही, तरीही त्याचा उल्लेख टाळणे प्रामाणिकपणाचे नाही. कायद्याच्या दृष्टीने त्या प्रती वैध नव्हत्या हेही सरळ लिहावे.

मग येतात चाहते. 'स्टारमेन डॉट नेट' या संकेतस्थळावर जमलेल्या चाहत्यांनी हजारो सह्यांचे अर्ज निन्टेन्डोला पाठवले. निन्टेन्डो ६४ या कन्सोलसाठी तयार होत असलेला मालिकेतला पुढचा भाग, 'मदर ३', २००० मध्ये रद्द झाला; तो पुढे २००६ मध्ये गेम बॉय अॅडव्हान्ससाठी, पण फक्त जपानमध्ये आला. इंग्रजी आवृत्ती येत नाही असे दिसल्यावर क्लाइड मँडेलिन या व्यावसायिक अनुवादकाच्या पुढाकाराने चाहत्यांनीच गेमचा अनुवाद केला आणि ऑक्टोबर २००८ मध्ये तो विनामूल्य उपलब्ध करून दिला. एखाद्या कृतीवर लोकांचे किती प्रेम आहे याचे मोजमाप करायचे असेल तर स्तुतीच्या शब्दांपेक्षा असे श्रम पाहावेत. 'फार आवडला' असे लिहायला मिनिटही लागत नाही. संपूर्ण भूमिका-खेळाचे संवाद अनुवादित करायला महिनोन् महिने लागतात.

अशा जुन्या चर्चा आणि अर्ज शोधण्यासाठी इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये (संकेतस्थळांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या संग्रहात) वर्षावार पाहावे. तिथे सापडलेल्या साध्या चाहत्यांची खरी नावे लेखात देऊ नयेत. त्यांनी आपली मते कोणाच्या पुस्तकासाठी लिहिली नव्हती. मत, वर्ष आणि साधारण संदर्भ एवढे पुरे.

आवडत्या दंतकथा तपासून घ्याव्यात

प्रिय गेमभोवती गोष्टी जमतात. त्यातली प्रत्येक गोष्ट खोटी नसते, म्हणूनच तपासणी हवी. गेमच्या निर्मितीला सुमारे पाच वर्षे लागली, काम रखडले, तेव्हा प्रोग्रॅमर सातोरू इवाता (पुढे निन्टेन्डोचे अध्यक्ष) यांनी इतोईंना सांगितले की आहे तेच दुरुस्त करायचे तर दोन वर्षे लागतील आणि नव्याने लिहायचे तर सहा महिने. ही हकिकत इतोई आणि इवाता या दोघांच्याही सांगण्यात आलेली असल्यामुळे तिला वजन आहे. गेमची नक्कल केलेल्या कार्ट्रिजवर शत्रूंची संख्या वाढते आणि अखेरच्या लढाईत गेम अडकून जतन केलेले सगळे पुसले जाते, ही गोष्ट दंतकथेसारखी वाटते, पण गेमच्या प्रोग्रॅममध्येच ती व्यवस्था असल्याचे दाखवता येते.

याउलट, संगीतात जुन्या लोकप्रिय गाण्यांचे तुकडे असल्यामुळे कायदेशीर अडचणीपायी गेम पुन्हा निघूच शकत नाही, असे चाहते वर्षानुवर्षे सांगत होते. २०१३ मध्ये तो संगीतात डोळ्यांत भरेलसा बदल न होता निघाला. याचा अर्थ ती शंका कंपनीत कोणाला कधी आलीच नाही असा होत नाही. पण 'निघूच शकत नाही' हे विधान टिकले नाही, एवढे निश्चित म्हणता येते. आपल्या लेखात हकिकत, शक्यता आणि अफवा यांसाठी वेगवेगळी क्रियापदे वापरावीत, म्हणजे वाचकाला कुठे पाय रोवून उभे राहायचे ते कळते.

पुनःप्रकाशन आणि प्रभाव

जुलै २०१३ मध्ये वी यू कन्सोलवर हा गेम अमेरिकेत ९.९९ डॉलरला मिळू लागला आणि निन्टेन्डोने जुनी मार्गदर्शक पुस्तिका वाचण्यासाठी खुली केली. या वेळची परीक्षणे वाचताना एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी : लिहिणाऱ्यांपैकी अनेक जण स्वतःच एकेकाळचे चाहते होते, आणि त्यांच्या समोर आता शेकडो डॉलरची दुर्मीळ प्रत नव्हती, तर दहा डॉलरची डाउनलोड होती. १९९५ चा समीक्षक पूर्ण किमतीचा नवा गेम जोखत होता, २०१३ चा समीक्षक वारशाची वस्तू जोखत होता. दोघांच्या गुणांची वजाबाकी करून 'पत इतकी वाढली' असे म्हणणे चूक आहे.

प्रभाव सिद्ध करण्याच्या बाबतीत तर अधिकच काटेकोर असावे. दोन गेम सारखे दिसतात एवढ्यावरून एकाचा दुसऱ्यावर प्रभाव ठरत नाही. मधला धागा दाखवावा लागतो. 'अंडरटेल' या गेमच्या बाबतीत तो दाखवता येतो. त्याचा कर्ता टोबी फॉक्स हा स्टारमेनच्या चाहत्यांमध्येच वाढला, २००८ मध्ये त्याने 'अर्थबाउंड'मध्येच फेरफार करून स्वतःचा एक छोटा खेळ बनवला, आणि सप्टेंबर २०१५ मध्ये 'अंडरटेल' आणला. हा धागा इतका स्पष्ट आहे की तिथे समीक्षकाच्या तर्काची गरजही उरत नाही. त्यानंतर उलटा प्रवाह सुरू झाला : 'अंडरटेल' आवडलेली नवी पिढी त्याचे मूळ शोधत 'अर्थबाउंड'कडे आली. स्वागताच्या इतिहासात शिष्याने गुरूची कीर्ती वाढवल्याची अशी नोंद जरूर करावी.

आपल्याकडचे स्वागत नोंदवायचे असेल तर

'अर्थबाउंड'चा समकालीन मराठी पुरावा शोधत बसू नये. नव्वदच्या दशकात महाराष्ट्रात घरोघरी पोचले ते फॅमिकॉमच्या (सुपर निन्टेन्डोच्या आधीच्या निन्टेन्डो कन्सोलच्या) नकला असलेले स्वस्त टीव्ही गेम. सुपर निन्टेन्डोची कॅसेट त्यांत चालतच नसे. परंतु कोणाला हीच पद्धत 'सुपर मारिओ ब्रदर्स' किंवा 'कॉन्ट्रा'ला लावायची असेल, तर पुणे, नाशिक, कोल्हापूर किंवा पणजीतही साहित्य भरपूर आहे, फक्त ते छापलेले नाही, माणसांच्या आठवणीत आहे. मुलाखत घेताना 'गेम कसा वाटला' असे विचारू नये, कारण उत्तर आजचे येते. कॅसेट कोणाकडून आणली, किती खेळ त्यावर लिहिलेले होते आणि प्रत्यक्षात किती निघाले, टीव्ही कोणत्या खोलीत होता, सुट्टीत दुपारी कोण रागवत असे, कोणत्या पातळीपुढे कधीच जाता आले नाही, असे विचारावे. ठोस वस्तूंपासून सुरुवात केली की त्या काळचे मत आपोआप बाहेर येते. दोन भावंडांची एकत्र मुलाखत घेतली तर ती एकमेकांना दुरुस्त करतात, आणि त्या दुरुस्त्या फार मोलाच्या असतात. बोलणाऱ्याची परवानगी घ्यावी आणि नाव छापायचे की नाही हे त्याच्यावर सोपवावे.

लिहायला बसल्यावर

मांडणी कालक्रमाने करावी आणि प्रत्येक प्रकरणात वाचकाला त्या वर्षाच्या पुढचे माहीत नाही असे समजून लिहावे. १९९५ च्या प्रकरणात 'पुढे थोर ठरलेला हा गेम' असा शब्दप्रयोग आला की समीक्षकांविरुद्ध निकाल आधीच लागून जातो, मग पुरावा वाचणार कोण? तसेच 'लोकांना' हा शब्द शक्य तितका टाळून कोणत्या लोकांना ते लिहावे : अमेरिकी मासिकांच्या समीक्षकांना, जपानी खरेदीदारांना, १९९९ नंतर आलेल्या चाहत्यांना.

शेवटचे प्रकरण आजच्या मताचे असते आणि तिथेच लेखक सैल पडतो. २०२२ मध्ये स्विचवर हा गेम प्रथमच खेळणाऱ्या अनेकांना सामान ठेवायची जागा फार अपुरी वाटते आणि सुरुवातीचा भाग संथ वाटतो. या तक्रारी खऱ्या आहेत, कारण गेम तसाच आहे. त्या 'नव्या पिढीला संयम नाही' असे म्हणून झटकू नयेत. १९९५ च्या समीक्षकाचे वाक्य ज्या काळजीने तारीख, आवृत्ती आणि किंमत यांसह नोंदवले, त्याच काळजीने ही वाक्येही नोंदवावीत, आणि तक्त्याच्या खाली पुढच्या आवृत्तीसाठी एक ओळ मोकळी ठेवावी.